सहलीत बाईचा वेळ कुणाचा?

(पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरातील महिला गटांच्या एकत्रित बैठकीत केलेले भाषण. बोलण्याचा सूर शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मैत्रिणींनो,

आजच्या विषयपत्रिकेत 'सहल' हा मुद्दा सगळ्यात शेवटी होता आणि त्याच्यापुढे 'वेळ उरल्यास' असं लिहिलं होतं. मी संयोजक मैत्रिणींना विनंती केली की तो जेवणाआधी घेऊ या. जेवण झालं की निम्म्या जणी सेकंड शिफ्टला पळतात, आणि सहलीबद्दल ज्यांच्याकडे सांगण्यासारखं खूप आहे त्या नेमक्या त्यांच्यातच असतात.

कुणी म्हणेल, हा कसला विषय? पाण्याचा प्रश्न आहे, रेशनचा आहे, मारहाण आहे, कंत्राटदाराने बुडवलेला पगार आहे. हे सगळं पुढ्यात असताना सहलीवर बोलणं म्हणजे चैन. पण समुपदेशन केंद्रात येणाऱ्या बायकांकडून मी एक वाक्य इतक्या वेळा ऐकलं आहे की ते बाजूला सारता येत नाही. 'तसं आमचं बरं चाललं होतं हो ताई, पण ट्रिपला गेलो आणि…' रोजच्या रगाड्यात जे झाकून राहतं ते चार दिवस सगळे एकत्र राहिले की वर येतं. पैसा कुणाच्या हातात आहे ते दिसतं, थकायची परवानगी कुणाला आहे ते दिसतं. आणि घरातल्या कुणाचा वेळ कुणाच्या मालकीचा आहे, हे तर फारच स्पष्ट दिसतं.

आधी आपल्या पट्ट्याविषयी. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, साठच्या दशकात एमआयडीसी आली, टेल्को आली, आकुर्डीला बजाज आली, पुढे चाकणला गाड्यांचे कारखाने आले. इथल्या माणसांचं वेळापत्रक तेव्हापासून भोंग्याने ठरवलं. विजेचा भार वाटला जावा म्हणून वेगवेगळ्या औद्योगिक भागांना सुटीचे वेगवेगळे वार दिले गेले आणि आपल्या वाट्याला गुरुवार आला. शाळा, बँका, सरकारी कचेऱ्या यांची सुटी रविवारी. म्हणजे बाप गुरुवारी घरी, मुलं रविवारी घरी. आणि आई? ती कारखान्यात असेल तर गुरुवारी घरी असते, म्हणजे धुणं, दळण, गॅसचा नंबर, सासूचा दवाखाना. घरीच असेल तर तिला गुरुवारी नवऱ्याचा आणि रविवारी मुलांचा, असे दोन सुटीचे दिवस साजरे करावे लागतात. तिच्या स्वतःच्या सुटीला वार नाही.

त्यात पाळ्या. नवरा नाइटला, बायको फर्स्टला. एकाच खोलीत राहून आठवडा आठवडा एकमेकांशी धड बोलणं होत नाही. पर्यटनाच्या जाहिरातीत आई, बाप, दोन मुलं समुद्राकडे बघत एका रांगेत उभी असतात. आपल्याकडे अशी चार माणसं एका दिवशी एका जागी उभी करायची तर आधी दोन सुपरवायझर आणि एक शाळा यांच्याकडे अर्ज करावा लागतो.

सुटीचा हक्क कायद्यात आहे, पण तो कुणाला पोचतो ते पाहा. १९४८च्या कारखाना कायद्याने आठवड्याची एक सुटी दिली आणि वर्षात २४० दिवस भरले तर दर वीस दिवसांमागे एक दिवस पगारी रजा दिली. नोव्हेंबर २०२५मध्ये लागू झालेल्या नव्या कामगार संहितेत ती अट १८० दिवसांवर आणली आहे. कागदावर ही सुधारणा आहे. पण सहा-सात महिन्यांनी कंत्राटदार बदलला, गेटपास नव्या नावाने निघाला, की कंत्राटी बाईचे दिवस पुन्हा एकपासून मोजले जातात. दिवसच भरू द्यायचे नाहीत, असा हा खाक्या. तुमच्यापैकी वायरिंगच्या कामाला जाणाऱ्या मुली माना डोलवताहेत, म्हणजे मला जास्त सांगायला नको.

कायम नोकरीवाल्यांना प्रवासभत्ता असतो. त्याचं कलम मुद्दाम सांगते. १९६१च्या आयकर कायद्यात या भत्त्यावर जी सूट ठेवली होती ती चार वर्षांच्या टप्प्यात दोन प्रवासांना, देशातल्या देशात, आणि फक्त भाड्यापुरती. त्यात 'कुटुंब' म्हणजे कोण? नवरा किंवा बायको, मुलं, आणि नोकरदारावर अवलंबून असलेले त्याचे स्वतःचे आई-वडील, भाऊ, बहीण. सासू-सासरे त्यात नाहीत. दिसायला हे स्त्री-पुरुष दोघांना सारखं. पण आपल्या पट्ट्यात कायम नोकरी बहुतेक पुरुषाची आहे. त्यामुळे कंपनीच्या पैशावर 'कुटुंबाची सहल' निघते ती त्याच्या आई-वडिलांसह, आणि तिचे आई-वडील गावी राहतात. सहलीला कोण जाणार, हे निम्मं इथेच ठरलेलं असतं.

आता जहाजाची गोष्ट. हसू नका, आपल्यातलीच आहे.

मुंबई-गोवा आगबोटी पूर्वी चालत. कोकणातली माणसं गाठोडी घेऊन डेकवर बसून गावी जात. त्या बंद पडल्या. २०१८मध्ये आंग्रिया नावाचं जहाज याच मार्गावर निघालं, पुढे २०२१मध्ये कॉर्डेलियाच्या जहाजाने मुंबईहून फेऱ्या सुरू केल्या. आता हा प्रवास गावी जाण्याचा नाही, नुसता मौजेचा आहे. निगडी प्राधिकरणातलं एक कुटुंब असं गेलं. नवरा मोठ्या कारखान्यात कायम, सासू-सासरे, दीर-जाऊ, चार मुलं. नवऱ्याच्या नोकरीची पंचवीस वर्षं झाली त्याचा आनंद. सगळ्यांनी मिळून, एकत्र, हेच त्याचं म्हणणं होतं, आणि ते मनापासून होतं. इतकी वर्षं पाळ्या करून त्याला घर एकत्र बसलेलं बघायचं होतं. यात वाईट काही नाही.

जहाजावर स्वयंपाक नाही, भांडी नाहीत, अंथरुणं दुसरं कुणी घालतं. मुलांसाठी खेळायची वेगळी खोली. तिने मला सांगितलं, 'पहिल्या दिवशी मी जाऊला विचारलं, आता आपण काय करायचं?' दुसऱ्या दिवशी सवयीने पाचला जाग आली. सगळे झोपलेले. ती एकटी वर डेकवर गेली आणि बसली. समुद्रात फोनला रेंज नव्हती. ती तीन तास बसली. काही वाचलं नाही, कुणाशी बोलली नाही. आठ वाजता खाली आली तेव्हा सगळे तिला शोधत होते. सासूच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या तिच्या पर्समध्ये. धाकट्याचा स्वेटर कुठल्या पिशवीत ते फक्त तिला माहीत. नवऱ्याच्या चष्म्याचं घर तिच्याकडे. नाश्त्याला सगळे खोळंबले. नवरा जावेसमोर ओरडला, 'आपण इथे एकत्र राहायला आलोय ना?' जीव घाबरला होता म्हणून ओरडला, असं तो नंतर म्हणाला, आणि समुद्राच्या मध्यावर बायको सापडेना म्हटल्यावर कुणीही घाबरेल. ते मी समजू शकते. पण ही बाई केंद्रात आली ती पुढे सात-आठ महिन्यांनी, दुसऱ्याच कारणाने, आणि बोलता बोलता म्हणाली, 'त्या तीन तासांचा हिशोब अजून मागतात.'

इथे थोडं थांबू या. चूल नसली की बाई मोकळी होते असं आपण समजतो. या बाईची चूल जहाजाने काढून घेतली होती. उरलं काय? लक्षात ठेवण्याचं काम. कुणाची गोळी, कुणाचा स्वेटर, कोण रुसलं, सासऱ्यांना तिखट चालत नाही, कुणाला उलटी होईल. हे काम कुठल्या हॉटेलच्या बिलात नसतं आणि ते करायला कुणाला नेमता येत नाही, निदान घरातल्यांना तसं वाटतं. केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईचा दिवसाला २८९ मिनिटं आणि घरकाम करणाऱ्या पुरुषाचा ८८ मिनिटं असा हिशोब निघाला. आणि हा पुरुष म्हणजे जो करतो तो. आधीच्या, २०१९च्या पाहणीत घरकामात दिवसभरात काहीही हात लावणारे पुरुष शंभरात सव्वीसच होते, बायका एक्याऐंशी. पण पर्समधल्या गोळ्या कुठल्याच पाहणीत मिनिटांनी मोजता येत नाहीत, कारण बाई डेकवर बसून समुद्र पाहत असते तेव्हाही ते काम चालूच असतं.

त्याच जहाजावर तिला दुसरं एक मराठी कुटुंब भेटलं होतं. तिला त्यांचं फार नवल वाटलं म्हणून ती सांगत होती. ते घरूनच ठरवून निघाले होते. रात्रीचं जेवण सगळ्यांनी एकत्र, काही झालं तरी. सकाळी मुलांकडे बाप बघणार, संध्याकाळी आई. आजीला पत्ते खेळायचे होते, ती कुणा अनोळखी बायकांबरोबर पत्ते खेळत बसायची आणि तिला कुणी 'चला आजी, सनसेट बघायला' म्हणून उठवत नव्हतं. ज्याच्या गोळ्या त्याच्या खिशात. बस्स, एवढंच. पैसे दोन्ही घरांनी सारखेच भरले असतील. फरक एवढाच की त्यांनी निघायच्या आधी बोलणं केलं होतं, आणि बाई दिसली नाही तर ती 'कुठे गेली' असं न म्हणता 'तिची वेळ आहे' असं म्हणायची सवय लावली होती.

जाता जाता आणखी एक. त्या जहाजावर अंथरुणं घालणारी, ताटं उचलणारी माणसंही कुणाच्या तरी घरचीच. गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या पुरुष बोटीवर जातात, त्यांना तिथे तारवटी म्हणतात. महिनोन्‌महिने घरापासून दूर. तिथल्या बायकांनी घर, शेत, मुलांच्या शाळा एकटीने सांभाळल्या आहेत. एका कुटुंबाला चार दिवस एकत्र राहता यावं म्हणून दुसऱ्या कुटुंबाने आठ-नऊ महिने वेगळं राहायचं, असा हा धंदा आहे. जहाजाचं तिकीट पाहताना हे डोक्यात असू द्या.

आता अगदी दुसऱ्या टोकाला जाऊ. म्हाळुंग्यात दहा बाय दहाची खोली, वर पत्रा. परभणीकडचं जोडपं, एक मुलगी. तो कंत्राटी, ती कंत्राटी, त्याची नाइट, हिची फर्स्ट. ती निघते तेव्हा तो आलेला नसतो, मुलगी शेजारणीकडे. या बाईला मी 'तुला स्वतःसाठी वेळ मिळतो का' असं विचारलं. तिला प्रश्नच कळला नाही. म्हणाली, 'ताई, मी एकटीच तर असते.' आणि खरं होतं ते. तिला एकटेपणा भरपूर होता. तिला हवा होता नवरा आणि मुलगी, तिघं एकत्र, जागी, न दमलेली.

तिची सुटी म्हणजे दिवाळीला गावी. गावी गेल्यावर पुरुष पारावर आणि ही पंधरा माणसांच्या भाकऱ्यांना. वर्षभर लेक-सून शहरात आहे म्हणून सगळी कामं तिच्यासाठी राखून ठेवलेली असतात. माहेरी भाऊबीजेचा एक दिवस, तोही सकाळी जाऊन संध्याकाळी परत. मग मी विचारलं, सुटीतलं तुला आवडतं काय? ती म्हणाली, 'एसटीचा प्रवास. रात्रभर तिघं एका बाकड्यावर असतो. तो बोलतो. मुलगी मांडीवर झोपते. कुणी उठ म्हणत नाही.'

हे मी तुम्हाला का सांगते? कारण आपल्या चळवळीत एक घाई आहे. बाईला स्वतःचा अवकाश हवा, स्वतःची खोली हवी, एकटीने प्रवास करायला हवा, असं आपण लिहितो आणि ते योग्यच आहे. पण म्हाळुंग्याच्या बाईपुढे ते जसंच्या तसं ठेवलं तर ती म्हणेल, हे तर मला कंपनीने आधीच दिलंय. निगडीच्या बाईचा एकटेपणा घराने घेतला होता, हिचं एकत्रपण पाळ्यांनी घेतलं. दोघींच्या वेळेवर दुसऱ्याचाच हात. म्हणून एकीच्या बाबतीत आपलं भांडण नवऱ्याशी आणि सासूशी आहे, दुसरीच्या बाबतीत ते शिफ्टच्या तक्त्याशी आहे. नवरा-बायकोला एकाच पाळीत घ्या, निदान महिन्यातून दोन आठवडे, ही मागणी युनियनच्या मागणीपत्रकात मी तरी अजून पाहिलेली नाही. घालायला हवी.

शेवटी त्या दोघांनी काय केलं ते सांगते. एका गुरुवारी दोघांची सुटी जुळली. मुलीची शाळा बुडवली. शाळेने रागावून चिठ्ठी पाठवली ती वेगळी. देहूला गेले, इंद्रायणीकाठी बसले, भंडाऱ्याचा डोंगर चढले, शेंगा खाल्ल्या. खर्च काही शेकड्यांत. एकत्रपण असं आधी जुळवावं लागतं, मग त्याचा कंटाळा येण्याचा प्रश्न.

पुरुषांच्या वेगळ्या वेळेबद्दल मी फारसं बोलत नाही, कारण तो आहेच. डिपार्टमेंटच्या मित्रांची गोवा ट्रिप, पावसाळ्यात लोणावळा, आषाढ संपता संपता गटारी. त्याला परवानगी लागत नाही, कारण लागत नाही, आणि परत आल्यावर कुणी हिशोब मागत नाही. मागितला तर 'कटकट' होते. माझं म्हणणं एवढंच की दोन्ही बाजूला एकच काटा लावा. त्याला जितके दिवस, तितके तिला. त्याच्या ट्रिपमध्ये मुलं कुणाकडे होती? तर मग तिच्या ट्रिपमध्ये मुलं कुणाकडे असायला हवीत?

आता थोडं जड बोलावं लागेल. भांडण मिटवताना आपल्याकडे एक सल्ला फार स्वस्त झाला आहे. 'जा, दोघं चार दिवस फिरून या.' नातेवाईक देतात, जातीतले वडीलधारे देतात, कधी कधी समेट घडवायला बसलेली, शिकलेली माणसंही देतात. एका मुलीला नवरा मारत होता. बैठक बसली, त्याने कबूल केलं, आणि समेट म्हणून तो तिला महाबळेश्वरला घेऊन गेला. तिथे बंद खोलीत दुसऱ्या रात्री पुन्हा मारलं. ती मला म्हणाली, 'घरी निदान भिंतीला भिंत आहे. आवाज आला की शेजारीण कडी वाजवते. तिथं कुणी नव्हतं.' आणि परत आल्यावर सगळे तिलाच म्हणू लागले, एवढं खर्च करून फिरवून आणलं, अजून काय पाहिजे? सहलीचे फोटो त्याने सगळ्यांना पाठवले होते. त्यात ती हसत होती.

म्हणून आपल्या गटांनी हे पक्कं करावं की जिथे मारहाण आहे तिथे एकत्र फिरायला जाणं हा उपाय म्हणून कुणीही सुचवायचा नाही. एकत्रपण तिथे औषध नाही, तिथे ते साक्षीदार काढून टाकणं आहे. आणि कुणी अशी परगावी अडकली तर तिला हे माहीत असू द्या. ११२ नंबर सगळीकडे चालतो. गुन्हा कुठेही घडला तरी कुठल्याही पोलिस ठाण्याने तक्रार नोंदवून घेतली पाहिजे. जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हे स्पष्ट लिहिलं आहे. २००५च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली ती स्वतः जिथे राहते, मग ती जागा तात्पुरती का असेना, तिथल्या कोर्टात अर्ज करता येतो. हिंसा घरात झाली की हॉटेलात, यामुळे काही बिघडत नाही. नातं घरचं असलं की पुरे.

याच्याच जवळची पण सौम्य दिसणारी एक गोष्ट आहे. बाईला एकटीने किंवा मैत्रिणींबरोबर जाऊ देतात, पण दर तासाला व्हिडिओ कॉल. 'दाखव कुठे आहेस, शेजारी कोण आहे.' लोकेशन चालू ठेव. आणि म्हणायचं, आम्ही तर मोकळीक दिली आहे. काळजी आणि पाळत यांत फरक कसा करायचा, असं एकीने मागच्या बैठकीत विचारलं होतं. माझ्याकडे साधी कसोटी आहे. फोन उचलला नाही तर तो माणूस काळजीत पडतो की रागावतो? काळजीत असलेला माणूस तुम्ही परत फोन केल्यावर 'बरी आहेस ना' म्हणतो आणि ठेवतो.

आपल्या आया-आज्यांना हा प्रश्न नव्हता असं नाही. त्यांनी त्याच्या वाटा काढल्या होत्या, आणि बहुतेक वाटा देवाच्या नावाने होत्या. तुकोबांची पालखी देहूहून निघते आणि आपल्या आकुर्डीतच मुक्कामाला येते. आळंदीहून माउलींची निघते. त्या दिंड्यांमध्ये डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका बघा. घरी तांब्याभर पाणी हाताने न घेणारा म्हातारा नवरा त्या अडीच-तीन आठवडे सोडून आलेल्या असतात आणि कुणी त्यांना बेजबाबदार म्हणत नाही. मी दोन वर्षं आकुर्डीच्या मुक्कामी आरोग्य तपासणीच्या कामाला होते. पाय सुजलेल्या एका आजींना म्हटलं, घरी सांगू का कुणाला? त्या म्हणाल्या, 'नको गं. इथं मला सून नाही, लेक नाही, नातू नाही. असू दे तसंच.' तिथे त्या हजारो माणसांत होत्या आणि तरी आपापल्या होत्या. जहाजाच्या डेकवर बसलेल्या त्या बाईला जे तीन तास मिळाले ते या आजी दरवर्षी घेत होत्या. फक्त त्यांनी त्याला सुटी म्हटलं नाही.

सगळ्यांची वाट वारीची नाही. आपल्या वस्त्यांमधल्या कितीतरी बायका १ जानेवारीला भीमा कोरेगावला, ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जातात. भाकरी बांधून, लेकरं घेऊन, गटाने. त्यांच्या घरांत यापलीकडचा प्रवास वर्षात दुसरा नसतो. तिथे पुस्तकांच्या दुकानापुढे बाई तासभर उभी राहते आणि नवरा मुलाला खांद्यावर घेऊन थांबतो, हे मी पाहिलं आहे. घरी तोच नवरा असं थांबेल का, सांगता येत नाही.

आता देवाचं नाव न घेताही बायका निघतात. वीणा पाटील यांनी आधी केसरीमध्ये आणि २०१३नंतर वीणा वर्ल्डमध्ये फक्त बायकांच्या सहली काढल्या आणि मध्यमवर्गीय मराठी बाईला 'मी एकटी जाते' असं म्हणायची सोय झाली. तो व्यापार आहे, चळवळ नाही, पण झालेला बदल खरा आहे. आपल्यातल्या बहुतेक जणींना ते तिकीट परवडणारं नाही. आपल्यासाठी त्याहून मोठी गोष्ट मार्च २०२३मध्ये झाली, एसटीत बायकांना निम्मं भाडं. त्या आधी, ऑगस्ट २०२२पासून, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना मोफत. चिखली, भोसरी, दिघीच्या बचत गटांच्या बायका जेजुरी, तुळजापूर, कोल्हापूर करून आल्या ते या निम्म्या भाड्यावर. भोसरीच्या एका विधवा मैत्रिणीने मला सांगितलं की नवरा असताना अठरा वर्षांत ती पंढरपूरच्या पुढे गेली नव्हती, आणि आता गटाबरोबर कोल्हापूरला गेली तेव्हा रंकाळ्यावर एकटीने भेळ खाल्ली. 'एकटीने' हा शब्द तिने दोनदा म्हटला. सवलत महसुलाला परवडते की नाही यावर भांडणारे भांडोत. विश्रांतीचा हक्क जागतिक मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात १९४८पासून आहे. करमणुकीत बाईला समान वाटा, हे भारताने १९९३मध्ये मान्य केलेल्या स्त्रियांविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे. निम्मं भाडं ही कुणी टाकलेली भीक नाही.

पण आपल्या गटांच्या सहलींचंही जरा बघू या. पहाटे पाचला बस, नऊ ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं, रात्री अकराला परत. सगळ्यांनी सतत बरोबर राहायचं, गाणी सगळ्यांनी म्हणायची, एखादी मागे बसली की 'काय झालं गं, रुसलीस का?' मागच्या वेळी बसमध्ये बायका एकोणतीस आणि मुलं बावीस होती. त्या एकोणतीस जणींनी दिवसभर काय केलं असेल ते तुम्हीच सांगा. घरातला एकत्रपणाचा धाक आपण बसमध्ये चढवून नेला तर मग घर काय वाईट होतं?

तर पुढच्या सहलीसाठी मी आणि दोघी-तिघींनी मिळून काही ठरवून ठेवलं आहे. पटलं नाही तर आत्ताच सांगा. सहल गुरुवारी. कारखान्यातल्या मुलींनाही येता येईल आणि घरी पुरुष असतील. एकच ठिकाण, फार तर दोन. दुपारच्या जेवणानंतर दोन तास काहीही कार्यक्रम नाही. कुणी झोपेल, कुणी पाण्यात पाय सोडून बसेल, कुणी गप्पा मारेल. कुणी एकटी दिसली तर तिला हाक मारायची नाही, बस सुटायच्या वेळेला शिट्टी होईल तेवढी पुरे. अंगावर पिणारं मूल असेल तर अर्थातच बरोबर आणायचं आणि त्या दोन तासांत ते आळीपाळीने सांभाळायचं. बाकीची मुलं घरी. आणि एक सहल निराळी करायची, नवऱ्यांसह आणि मुलांसह, म्हाळुंगे-खराबवाडीच्या जोडप्यांसाठी, ज्यांना एकत्र बसायलाच मिळत नाही. तिचा स्वयंपाक पुरुषांनी करायचा. चार जण तयार झाले आहेत. मटण करणार म्हणाले. मी म्हटलं, चपात्यांचं कोण बघणार ते आधी सांगा.

नावनोंदणीचा कागद त्या खिडकीपाशी ठेवला आहे. नाव, फोन, शिफ्ट, आणि त्यापुढे एक रकाना आहे, 'त्या दिवशी मुलं कुणाकडे'. तो रिकामा ठेवू नका. आणि त्यात थोरल्या मुलीचं नाव येणार असेल, तर कागद भरण्याआधी माझ्याशी बोला. तिची त्या दिवशी शाळा आहे.